नॉन सेक्विटर म्हणजे काय? संबंध तुटलेल्या बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉन सेक्विटर म्हणजे नेमकं काय?

आधी जे बोललं गेलं त्यातून जे निघत नाही, ते पुढे बोललं गेलं की त्याला नॉन सेक्विटर म्हणतात. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थही तेवढाच, ‘यातून ते निघत नाही’. आज तो दोन ठिकाणी वापरला जातो. वादात किंवा युक्तिवादात: ‘तो रोज पहाटे उठतो, म्हणजे माणूस प्रामाणिक असणार.’ पहाटे उठण्यातून प्रामाणिकपणा निघत नाही. आणि साध्या गप्पांत: एक जण विचारतो, ‘बैठक किती वाजता आहे?’ आणि दुसरा म्हणतो, ‘माझ्या भावाने दाढी वाढवलीये.’ इथे निष्कर्षच नाही, त्यामुळे तो चुकायचाही प्रश्न नाही. फक्त धागा तुटलाय.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच टिपली गेली आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, एक वचन येतं: ‘आम्रान् पृष्टः कोविदारान् आचष्टे.’ विचारलं आंब्यांबद्दल आणि हा सांगतोय कांचनाच्या झाडांबद्दल. विचारलं एक, सांगितलं भलतंच, हा अनुभव दोन हजार वर्षांहून जुना आहे.

एखादं वाक्य एकटंच नॉन सेक्विटर असू शकतं का?

नाही, आणि बरेच घोळ इथूनच सुरू होतात. ‘माझ्या भावाने दाढी वाढवलीये’ या वाक्यात काहीच वावगं नाही. ‘घरी सगळे कसे आहेत?’ या प्रश्नाला ते चांगलं उत्तर आहे. दोष वाक्यात नसतो, दोन वाक्यांच्या मधल्या सांध्यात असतो. म्हणून कुणाचं बोलणं असंबद्ध आहे असं म्हणायचं असेल, तर ‘कशाशी असंबद्ध?’ हेही सांगता आलं पाहिजे.

महाभाष्यातच याचा दुसरा नमुना आहे. ‘दश दाडिमानि, षडपूपाः, कुण्डम्, अजाजिनम्’, म्हणजे दहा डाळिंबं, सहा वडे, एक भांडं, बोकडाचं कातडं. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, पण सगळे मिळून काहीच सांगत नाहीत. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, वादात हरण्याच्या 22 जागा मोजल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या आहेत. चालू विषय सोडून भलतंच बोलणं म्हणजे अर्थांतर, आणि मागचापुढचा काही मेळच नसलेलं बोलणं म्हणजे अपार्थक. पहिल्याला विषय माहीत असतो, तो फक्त त्यावर बोलत नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात मुळात विषयच उभा राहत नाही. रोजच्या बोलण्यात आपण दोघांनाही ‘काहीच्या काही’ म्हणून मोकळे होतो, पण फरक मोठा आहे.

तर्कातला नॉन सेक्विटर ओळखायचा कसा?

कारण आणि निष्कर्ष वेगळे लिहून काढा आणि मधे काय गृहीत धरलंय ते शोधा. जवळजवळ प्रत्येक युक्तिवादात एक दुवा अध्याहृत असतो, म्हणजे बोललेला नसतो पण मानलेला असतो. ‘दिवा लागलाय, म्हणजे कुणीतरी घरात आहे’ यात अध्याहृत दुवा आहे, ‘घरात कुणी नसेल तर दिवा बंद असतो’. हा दुवा मोठ्याने म्हणून पाहिला की तो किती पक्का आहे ते कळतं. काही घरांत तो पक्का असतो, काही घरांत अजिबात नसतो.

‘तो पहाटे उठतो, म्हणजे प्रामाणिक असणार’ याचा दुवा असाच उघड करून बघा: ‘जे पहाटे उठतात ते सगळे प्रामाणिक असतात.’ आता हे वाक्य कुणी छातीठोकपणे म्हणेल का? अध्याहृत होतं तोवर खपून गेलं.

न्यायशास्त्रातला अनुमान मांडण्याचा पाच पायऱ्यांचा नियम नेमका यासाठीच होता. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आपण घाईत पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतो. तिसरी पायरी माणसाला नियम उघड करायला लावते, आणि नॉन सेक्विटर सापडतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याच पायरीवर. मला ही रचना आजही फार उपयोगाची वाटते. शास्त्र म्हणून शिकायची गरज नाही, वाद तापला की ‘जिथे जिथे असं, तिथे तिथे तसं, हे खरं आहे का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

काही नॉन सेक्विटर मात्र इतके सफाईदार असतात की तिसरी पायरीही बरोबर वाटते. ‘पाऊस पडला की जमीन ओली होते. जमीन ओली आहे. म्हणून पाऊस पडला.’ नियम खरा आहे, निरीक्षणही खरं आहे, तरी निष्कर्ष निघत नाही. कुणी पाणी शिंपडलं असेल. नियम ज्या दिशेने जातो त्याच्या उलट दिशेने आपण चाललो. ॲरिस्टॉटलने तर्कदोषांचे 13 प्रकार सांगितले त्यांत हा आहे, आणि त्याने उदाहरणही पावसाचं आणि ओल्या जमिनीचंच दिलं होतं.

निष्कर्ष खरा निघाला, तरी तो नॉन सेक्विटर असतो का?

असतो. वरच्या उदाहरणात खरोखरच पाऊस पडलेला असू शकतो. तरीही तो तुम्हाला ओल्या जमिनीवरून *सिद्ध* करता आला नव्हता. याचीच दुसरी बाजू वादात विसरली जाते: समोरच्याचा युक्तिवाद फोडला म्हणजे त्याचं म्हणणं खोटं ठरलं असं नाही. तसं मानणं हाच नवा नॉन सेक्विटर आहे, आणि वादात पटाईत असलेली माणसं तो सर्रास करतात.

‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द आले की आपण फसतो का?

बरेचदा, हो. ‘म्हणून’ हा शब्द सांधा जोडल्याची खूण आहे. खूण दिसली की आपण सांधा तपासत नाही.

1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. झेरॉक्स काढायला थांबलेल्या माणसाकडे जाऊन ‘माझी पाच पानं आहेत, मी आधी मशीन वापरू का?’ असं विचारलं, तेव्हा सुमारे 60 टक्के लोकांनी परवानगी दिली. ‘मला घाई आहे म्हणून’ असं कारण जोडल्यावर प्रमाण 94 टक्क्यांवर गेलं. आणि ‘मला झेरॉक्स काढायची आहे म्हणून’ असं म्हटल्यावरही 93 टक्के लोक हो म्हणाले. हे तिसरं कारण कारणच नाही. झेरॉक्सच्या मशीनपाशी प्रत्येक जण झेरॉक्स काढायलाच आलेला असतो. पण वाक्याचा आकार कारणासारखा होता आणि तेवढं पुरलं.

याच प्रयोगाचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. पाचऐवजी वीस पानं म्हटल्यावर पोकळ कारणाची जादू गेली. कारण न देणाऱ्याला आणि पोकळ कारण देणाऱ्याला सारखीच, 24 टक्के परवानगी मिळाली, खऱ्या कारणाला 42 टक्के. म्हणजे किंमत मोजावी लागणार असं दिसलं की माणूस सांधा तपासतो. किरकोळ गोष्टीत तपासत नाही, आणि ते ठीकही आहे, प्रत्येक वाक्याची उलटतपासणी करत कुणी जगू शकत नाही. पण जिथे मत बनतं, कुणाबद्दल ग्रह होतो, पैसे किंवा विश्वास द्यायचा असतो, तिथे ‘म्हणून’च्या अलीकडे आणि पलीकडे काय आहे ते बघावंच.

काकतालीय न्याय, बादरायण संबंध, विषयांतर: हे सगळे नॉन सेक्विटरच का?

एकाच घराण्यातले आहेत, पण एक नाहीत.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हा काकतालीय न्याय. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं मानणं. तर्कदृष्ट्या हा नॉन सेक्विटरच, फक्त त्याला स्वतःचं नाव मिळालंय, कारण तो फार वेळा होतो. शितावरून भाताची परीक्षा बहुतेक वेळा चालते, पण सगळीकडे तीच लावली की तिचाही नॉन सेक्विटर होतो.

बादरायण संबंध उलट्या बाजूचा आहे. तिथे संबंध नसताना तो ओढूनताणून जोडलेला असतो. त्यामागचा श्लोक असा: ‘अस्माकं बदरीचक्रं युष्माकं बदरीतरुः। बादरायणसम्बन्धात् यूयं यूयं वयं वयम्॥’ आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, झाला आपला संबंध! एवढ्या भांडवलावर पाहुणा घरात शिरतो. नॉन सेक्विटरमध्ये दुवा नसतो. बादरायण संबंधात दुवा असतो, पण त्यावर काहीही पेलत नाही. वादात हा जास्त त्रासदायक, कारण ‘संबंध काय?’ असं विचारलं तर समोरचा तो दाखवून देतो.

विषयांतर हा दोष असेलच असं नाही. बोलता बोलता बाजूला जाणं आणि परत येणं हे चांगल्या गप्पांचं लक्षण आहे.

गप्पांमध्ये उत्तर प्रश्नाशी जुळत नाही, तरी आपल्याला ते कळतं. कसं?

‘येतोयस का?’
‘बाहेर विजा चमकतायत.’

हो किंवा नाही असं उत्तर आलंच नाही. शब्द धरून बसलं तर हा नॉन सेक्विटर आहे. पण ऐकणाऱ्याला क्षणात कळतं की हा येत नाहीये.

याची उकल तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत केली. त्यातला भाग 1975 मध्ये छापला गेला आणि भाषेच्या अभ्यासात तो आजही पायाचा मानला जातो. त्यांचं म्हणणं असं की संभाषण हा सहकार्याचा व्यवहार आहे. समोरचा आपल्याला काहीतरी उपयोगाचं सांगतोय असं आपण धरूनच चालतो. त्याचं बोलणं वरवर सुटं वाटलं, तर आपण ‘हा काहीही बोलतोय’ असं न म्हणता ‘हा असं का म्हणाला असेल?’ इकडे वळतो. विजा चमकतायत, विजांत बाहेर पडणं धोक्याचं, म्हणजे येणार नाही. मधल्या दोन पायऱ्या ऐकणाऱ्याने स्वतः भरल्या.

यामुळे नॉन सेक्विटरच्या बाबतीत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न समोर येतो: दुवा नाहीये, की फक्त बोललेला नाहीये? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. घरात सगळे प्रवासाचं ठरवत असतात आणि आजी मध्येच म्हणते, ‘त्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे?’ सगळे एकमेकांकडे बघतात. कुणीतरी ‘आजी, आपण कशाबद्दल बोलतोय!’ म्हणतं आणि ती गप्प होते. पण प्रवास, मग सामान, मग सामान ठेवायला पेटी, मग पेटीची किल्ली, असं ती मनात तीन पावलं पुढे गेली होती. निघायच्या आदल्या रात्री सगळं घर किल्ली शोधत बसतं तेव्हा तिचं बोलणं आठवतं. तिच्या वाक्यात ‘म्हणून’ नव्हतं, म्हणून ते असंबद्ध ठरलं. आणि त्याच घरात ‘तो पहाटे उठतो, म्हणजे माणूस चांगला’ हे वाक्य कुणी अडवत नाही. आपली हीच सवय मला खटकते. खडबडीत पण खऱ्या बोलण्याला आपण हसतो, आणि गुळगुळीत पोकळ बोलण्याला मान डोलावतो.

जिथे खरंच काही संबंध नाही, तिथेही आपण तो जोडतो का?

हो, आणि किती सहज, याचा एक विलक्षण पुरावा आहे. समाजशास्त्रज्ञ हॅरल्ड गारफिंकेल यांनी 1967 च्या पुस्तकात एक प्रयोग दिला आहे. दहा विद्यार्थ्यांना सांगितलं की एक सल्लागार शेजारच्या खोलीतून तुमच्या प्रश्नांना उत्तरं देईल. अट एवढीच की प्रश्न हो-नाही उत्तराचे असावेत. विद्यार्थी आपली अडचण सांगत, प्रश्न विचारत, उत्तर आलं की त्यावर आपला विचार बोलून दाखवत आणि पुढचा प्रश्न विचारत. प्रत्यक्षात ‘हो’ आणि ‘नाही’चा क्रम यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून आधीच ठरवलेला होता. उत्तरांचा प्रश्नांशी काडीचा संबंध नव्हता.

तरी विद्यार्थ्यांना त्या उत्तरांत सल्ला दिसला. दोन उत्तरं एकमेकांविरुद्ध गेली, तर सल्लागाराला आता आपली परिस्थिती जास्त कळली असेल किंवा त्याच्या मनात वेगळंच काही असेल, असा अर्थ ते लावत. सांधा सल्लागाराने जोडला नव्हता, प्रत्येक वेळी विद्यार्थ्याने जोडला.

त्याच सुमारास, 1966 मध्ये, जोसेफ वायझेनबॉम यांनी एमआयटीत एलायझा नावाचा संगणक प्रोग्रॅम लिहिला. तो वाक्यातला ठरावीक शब्द पकडून प्रश्न परत करायचा, आणि असा शब्द सापडला नाही तर ‘पुढे सांगा’ छापाचं ठोकळेबाज वाक्य टाकायचा. त्याला काहीही कळत नव्हतं, पण आपल्याला समजून घेतलं जातंय असं बोलणाऱ्यांना वाटायचं. ही जोडण्याची सवय वाईट नाही, तिच्याशिवाय संभाषण चालणारच नाही. फक्त समोरच्याचं बोलणं सुसंगत वाटलं, तर त्यातलं किती त्याने दिलं आणि किती आपण भरलं, हे कधीतरी तपासून बघावं.

लहान मुलांचं बोलणं असं का असतं?

त्यांचा तर्क एका घटनेवरून थेट दुसऱ्या घटनेवर उडी मारतो, मधला सर्वसाधारण नियम त्यांच्याकडे अजून नसतो. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या मुलीचं एक बोलणं नोंदवलं आहे: ‘मी अजून झोपले नाही, म्हणजे दुपार झालेली नाही.’ रोज दुपारी झोपायचं असल्यामुळे झोप आणि दुपार या दोन गोष्टी तिच्या जगात एकमेकींना चिकटलेल्या होत्या. अशा वेळी हसून सोडून देण्यापेक्षा ‘असं का वाटलं तुला?’ विचारलं, तर मूल आपला दुवा दाखवतं. तो चुकीचा असेल, पण असतो.

मुद्दाम विषय बदलणं उद्धटपणाचं आहे का?

प्रसंगावर आहे. ग्राइस यांचंच एक उदाहरण घ्या. चारचौघांत एक जण कुणा बाईबद्दल वाईटसाईट बोलतो, क्षणभर शांतता होते आणि दुसरा म्हणतो, ‘यंदा उन्हाळा छान होता, नाही?’ हा ठरवून केलेला नॉन सेक्विटर आहे. ‘हे बोलणं पुढे नको’ एवढं तो स्पष्ट सांगतो आणि कुणाचा पाणउताराही होत नाही. यापेक्षा चांगला मार्ग अशा वेळी मला दिसत नाही. दुःखात असलेल्या माणसाला थोडा वेळ दुसरीकडे न्यायला किंवा तापलेलं भांडण थांबवायलाही असा अचानक बदललेला विषय कामी येतो.

वाईट वाटतं ते उलट घडलं तर. कुणी धीर एकवटून मनातलं सांगितलं आणि समोरच्याने ‘बरं, ते कागद आणलेस का?’ म्हटलं, तर तेही न बोलता सांगतं. ‘तू काय म्हणालास ते मी ऐकलं नाही’ असं सांगतं.

प्रश्नाला बगल देण्यासाठी असं बोललं जातं, तेव्हा काय करावं?

आधी ते होतंय हे ओळखावं, आणि त्यासाठी प्रश्नातला प्रश्नार्थक शब्द पकडून ठेवावा. बैठकीत विचारलं जातं, ‘काम ठरल्या तारखेला का झालं नाही?’ उत्तर येतं, ‘आमच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशीही घाम गाळलाय.’ प्रश्न ‘का’ असा होता, उत्तर ‘किती’चं आलं. उत्तर खरं आहे, विषयाच्या जवळचंही आहे, म्हणून ते पकडणं अवघड. शिवाय ते अशी जागा निवडून दिलेलं असतं की पुन्हा विचारणारा त्या लोकांच्या मेहनतीवर शंका घेतोय असं वाटावं. उडवाउडवीच्या उत्तराचा खरा जोर इथे असतो, पुढचा प्रश्न विचारणं लाजिरवाणं करून टाकण्यात.

तोड अशी: उत्तरातलं जे खरं आहे ते मान्य करावं आणि प्रश्न त्याच शब्दांत परत ठेवावा. ‘लोकांनी मेहनत घेतली यात शंकाच नाही. तारीख का चुकली?’ शब्द बदलू नयेत. बदलले की समोरचा बदललेल्या शब्दांवर बोलायला लागतो. दुसऱ्यांदाही भलतंच उत्तर आलं, तर ‘याचं उत्तर आत्ता द्यायचं नसेल तर तसं सांगा, मी पुढच्या वेळी विचारतो’ असं म्हणावं. टाळणं हा त्यांचा हक्क असू शकतो, पण टाळलं हे सगळ्यांना दिसायला हवं.

‘आणि तुम्ही तेव्हा काय केलंत?’ हा याचाच चढा भाऊ. विचारणाऱ्याची जुनी चूक काढली की आताच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं वाटतं. चूक खरी असेल तर तिच्यावर जरूर बोलावं, पण वेगळं बोलावं.

मला खरंच मधेच काही आठवलं, तर ते कसं सांगावं?

खूण करून. ‘बरं आठवलं’, ‘मध्येच सांगतो’, ‘विषय निघालाय म्हणून’, ‘ते राहू दे, आधी हे ऐक’ हे शब्द त्याचसाठी आहेत. एकमेकांशी बोलण्याच्या रीतींचा अभ्यास करणाऱ्या इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी 1973 च्या लेखात अशा शब्दांची नोंद घेतली आहे. पुढचं बोलणं आपल्या नेहमीच्या जागी येत नाहीये, हे ते ऐकणाऱ्याला आधी कळवतात. मग तो सांधा शोधत बसत नाही. लिहिताना ‘अवांतर’ असा शब्द टाकून जे लिहिलं जातं, त्याचंही काम हेच.

विनोदात आणि साहित्यात याचा उपयोग कसा होतो?

विनोदात अपेक्षा एका दिशेने उभी करायची आणि वाक्य दुसरीकडे उतरवायचं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हत्तीच्या विनोदांची लाट आली होती. हत्ती लपायला काय करतो, याचं उत्तर हत्तीशीच नव्हे, तर कशाशीच जुळत नसे, आणि हसू त्या न जुळण्याचंच होतं. पण निव्वळ न जुळणारं उत्तर पुरत नाही. त्याला स्वतःची वेडी संगती लागते, नाहीतर ऐकणारा कोराच राहतो.

झेन या बौद्ध परंपरेतला उपयोग मला याहून खोल वाटतो. बोधिधर्म, म्हणजे भारतातून चीनमध्ये गेलेला झेनचा आद्य गुरू, पश्चिमेकडून का आला, असं एका भिक्षूने चाओचोऊ या चिनी गुरूंना विचारलं. ते म्हणाले, ‘अंगणातलं सायप्रसचं झाड.’ शिष्याच्या मनात दुवा शोधण्याची जी अखंड खटपट चाललेली असते, तिलाच इथे हात घातला आहे. दुवा सांगणारं भाष्य जोडलं की उत्तराची ताकद जाते.

विसाव्या शतकात पॅरिसच्या सर्रिअलिस्टांनी, म्हणजे अतिवास्तववादी लेखक-कलावंतांनी, याचा खेळच केला. कागदाची घडी घालत एकाने कर्ता लिहायचा, दुसऱ्याने तो न बघता पुढचा शब्द. 1950 च्या दशकातल्या असंगत नाट्याने मात्र हेच हत्यार वेगळ्या कारणासाठी उचललं. तिथली पात्रं एकमेकांच्या वाक्यांना उत्तरं देत नाहीत, कारण ती एकमेकांना ऐकतच नाहीत.

मेसेजवर असे गोंधळ जास्त का होतात?

दोन विषय एकाच वेळी चालू असतात आणि उत्तर टाइप होईपर्यंत मधे तिसरा संदेश पडलेला असतो. ‘हो, नक्की’ कशाला उद्देशून हे कळत नाही. ज्या संदेशाला उत्तर द्यायचंय त्यालाच जोडून उत्तर दिलं की प्रश्न मिटतो.

कुणी अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर ते आजाराचं लक्षण असू शकतं का?

असू शकतं, आणि इथे वाट बघू नये. नेहमी नीट बोलणारा माणूस अचानक अर्थ न लागणारं बोलू लागला, शब्द चुकू लागला, समोरच्याचं बोलणं त्याला कळेनासं झालं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली की बोलणं अस्खलित राहतं पण अर्थ हरवतो, हे कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्येच दाखवलं होतं. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं, ताबडतोब रुग्णालय गाठावं. वृद्ध माणसात काही तासांत किंवा एकदोन दिवसांत असा गोंधळ दिसू लागला, तर संसर्ग, औषधांचा परिणाम, शरीरातलं पाणी कमी होणं अशी कारणं असू शकतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

काही मानसिक आजारांतही विचारांचे सांधे सैल होतात आणि बोलणं रुळावरून घसरत जातं. पण त्याचं निदान तज्ज्ञांनीच करावं, ऐकणाऱ्याने नव्हे. ज्याच्या बोलण्याची गाडी पहिल्यापासूनच इकडेतिकडे फिरते, तो माणूस आजारी असतोच असं नाही. बघायचा असतो तो झालेला बदल.

समोरच्याला ‘तुझं बोलणं असंबद्ध आहे’ हे कसं सांगावं?

तसं सांगूच नये. ‘तू आत्ता म्हणालास, ते आधीच्याशी कसं जोडलंस?’ असं विचारावं. दुवा असेल तर तो सांगेल आणि कदाचित तुम्हालाच नवं काही कळेल. दुवा नसेल तर ते त्याला स्वतःच्या तोंडून ऐकू येईल. ‘हा नॉन सेक्विटर आहे’ असं म्हणणं वाद जिंकल्यासारखं वाटतं, पण त्याने काहीही सिद्ध होत नाही. आरोप करणाऱ्यावर दुवा तुटलेला दाखवण्याची जबाबदारी असते.

माझ्या लिखाणातले तुटलेले सांधे मला कसे दिसतील?

स्वतःचे दिसणं कठीण, कारण अध्याहृत दुवे आपल्या डोक्यात असतातच, डोळे ते कागदावर वाचल्यासारखे पुढे जातात. म्हणून मजकूर एक रात्र बाजूला ठेवून मोठ्याने वाचावा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘साहजिकच’, ‘अर्थातच’ या शब्दांवर खुणा कराव्यात. ‘साहजिकच’ आणि ‘अर्थातच’ यांच्यावर जास्त संशय घ्यावा. कारण द्यायचं टाळलं की लेखणी आपोआप त्यांच्याकडे वळते. खुणेच्या जागी ते शब्द काढून टाकून दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवावीत. तरीही दुसरं पहिल्यातून येतंय असं वाटलं, तर सांधा पक्का आहे. वाटलं नाही, तर मधलं वाक्य लिहायचं राहिलंय, किंवा ते लिहिता येण्यासारखं नाहीये. दुसरी शक्यता असेल तर निष्कर्षच खोडावा लागतो, कधी कधी त्याच्यावर उभं केलेलं पुढचं पानही.